बोटीवरची छत्री

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या गच्च्यांवर टीव्हीच्या जेवढ्या छत्र्या दिसतात, त्यांतल्या निम्म्या तरी गुरप्पा हत्तुरेंनी बसवलेल्या. माणूस कामाला वाघ, पण हट्टी. मुलगी महेश्वरी नर्स झाली आणि दुधनीचं चालून आलेलं स्थळ नाकारून ग्रीसला गेली, एका म्हाताऱ्या इंग्रज जोडप्याच्या बोटीवर सेवेला. तेव्हापासून गुरप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं, त्याला चौदा महिने झाले. तिचा फोन आला की तो बायकोच्या, बसव्वाच्या हातात द्यायचा आणि आपण शेजारी वायरी सोलत बसायचं. कान मात्र फोनकडेच. आता अशा माणसाला काय म्हणावं?

ऑक्टोबरातल्या एका दुपारी चारला फोन वाजला, तेव्हा बसव्वा देवळात गेलेली. नाइलाजानं गुरप्पांनीच उचलला.

"अप्पा, हितली छत्री लागंना," महेश्वरी म्हणाली. "आजोबा दोन दिस जेवले न्हाईत."

आजोबा म्हणजे बोटीचे मालक. त्यांची आठवण जात चालली होती. बंदरावरची परकी बोली कानावर पडली की ते लहान मुलासारखे घाबरत, आणि टीव्हीवर घरच्या इंग्रजीतल्या बातम्या लागल्या की शांत होऊन चार घास खात. परवा बोट नव्या बंदरात आली आणि चित्र गेलं. तिथला मेकॅनिक आठवड्यानं येणार होता.

छत्रीचं नाव निघाल्यावर गुरप्पांना राहवेना. "बोट धक्क्याला दोन्हीकडनं बांधली का? नुसत्या नांगरावर असली तर फिरत ऱ्हाती."

"बांधलीय."

"मग दक्षिणेला तोंड कर आन चांगली वर बघू दे."

अर्धा तास खटपट झाली. चित्र काही येईना. गुरप्पा गच्चीवर जाऊन आपल्याच छत्रीकडे बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "तितं आता किती वाजले?"

"दोन वाजले."

"उनात उभी ऱ्हा. सावली केवढी पडती?"

"माज्याएवढी."

"हितं भर दुपारी निम्मीच पडती की. चूक माजीच हाय. मी सोलापूरचं आभाळ धरून बसलो. तितं सूर्य खाली, म्हंजे उपग्रह बी खाली. छत्री पुढं वाकव. हळू."

थोड्या वेळानं फोनमधून कुणा बाईच्या इंग्रजी बातम्या ऐकू आल्या, आणि त्यावर म्हाताऱ्याचं हसू. गुरप्पांना त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

मग दर नव्या बंदरातून फोन येऊ लागला. महिन्यात पाचदा आला. बोलणं फक्त छत्रीचं, आणि तेही मराठीत. हत्तुरेंच्या घरात मायेचं बोलणं कन्नडमध्ये चालतं, मराठी गिऱ्हाइकांशी. गुरप्पा पोटच्या पोरीशी गिऱ्हाइकासारखे बोलत होते.

"सगळं एकदाच शिकवा की तिला," एक दिवस बसव्वा म्हणाली. "तुमचा फोन लागंस्तोवर ते म्हातारं उपाशी बसतंय."

गुरप्पांनाही ते कळत होतं. पण पोर शिकली की फोन बंद होणार, हेही कळत होतं. दोन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर आकृत्या काढल्या, फोटो पाठवले आणि तासभर समजावलं. सावली कशी मोजायची, खुणा कुठं करायच्या, काही हातचं राखलं नाही. "आता तुजं तू लावशील," म्हणाले आणि फोन ठेवला. त्या रात्री भाकरी तशीच राहिली.

आठ दिवस फोन आला नाही. नवव्या दिवशी चारला वाजला, तेव्हा बसव्वा समोर असूनही गुरप्पांनीच झडप घातली.

"चित्र गेलं का?"

"न्हाय अप्पा. काल नव्या बंदरात आलो. धा मिनटात लावलं मी."

"मग?"

तरी तिनं फोन ठेवला नाही.

"ऊटा आतेनु, मगळे?" त्यांनी विचारलं. जेवलीस का, पोरी?

पलीकडे महेश्वरीला रडूच फुटलं. "इन्ना इल्ल, अप्पा," कशीबशी म्हणाली. अजून नाही.

"मग आधी जेव," गुरप्पा कन्नडमध्येच म्हणाले. "मी फोन धरून बसतो."