तोंडातला पापड

आमच्या यजमानांना माझं सगळं माहीत असतं. डॉक्टर मला विचारतात, काय होतंय? आणि हे सांगतात, "काही नाही हो, ती नीट जेवतच नाही." मी चौथी शिकलेली. परक्या माणसासमोर बोलायची मला लाज वाटते, त्यामुळे यांचं फावतं.

दोन वर्षं माझं तोंड कोरडं पडलेलं. भाकरीचा घास पाण्याने ढकलायचा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, बोटांचे सांधे ठणकायचे, दाढा एकेक करून किडल्या. बदलापूर गावातल्या डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या. अंबरनाथच्याने मान वर न करता सांगून टाकलं, "पाळी जायचं वय आहे, व्हायचंच." नणंद म्हणाली, "वहिनीला घासागणिक पाणी! नखरे बघा हिचे." एवढी हुशार माणसं, पण माझ्या तोंडात बॅटरी मारून एकानेही बघितलं नाही.

मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सचे धागे कापायला जाते. कारखान्याच्या वर शेठाणी राहते. सिंधी घरात आल्यागेल्याला आधी पापड आणि पाणी देतात. मी पाणी पिऊन टाकायची आणि पापड गुपचूप पिशवीत घालायची. एकदा तिने पकडलं.

"क्यों री, मेरे पापड में जहर है क्या?"

खावाच लागला. तो टाळूला असा चिकटला की बोटाने काढावा लागला. शेठाणीने तोंडात डोकावून बघितलं. "अरे, थूक ही नहीं है! बड़े डॉक्टर को दिखा." मला वाटलं, हिला तरी दया आली. दुसऱ्या दिवसापासून माझा ग्लास वेगळा.

मग सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सुरू केलं, "काही नाही हो, ती..." मी पिशवीतून पापड काढला, तुकडा चावला आणि बाईंसमोर तोंड उघडलं. सगळा भुगा जिभेवर तसाच, सुका. बाई यांना म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसा."

त्यांनी खालच्या पापण्यांत कागदाच्या पट्ट्या अडकवल्या. पाच मिनिटांनी काढल्या, तर जेमतेम टोक ओलं. रक्त तपासलं, ओठाच्या आतला बारीक तुकडा तपासला. मग समजावलं, की रोगाशी लढणारी शरीराची ताकदच चुकून आपल्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठलीय. कोणाला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण औषधाने, डोळ्यांत घालायच्या थेंबांनी सांभाळता येतं.

आता हे नाक्यावर आजाराचं इंग्रजी नाव सांगत फिरतात. वर म्हणतात, "मला आधीच शंका होती."

परवा पुन्हा तपासायला गेलो. बाईंनी विचारलं, "औषधाने फरक वाटतो का?"

"हो हो, मस्त आहे ती," हे म्हणाले.

मी पिशवीतला पापड यांच्या हातात ठेवला. "अहो, तुम्ही हा खा. तोवर मी सांगते."

आणि पाण्याचे घोट घेत घेत सगळं सांगितलं. पापड संपला तरी माझं चालूच होतं.