अरबी समुद्राची राणी आणि आमचा क्लास

अमरावतीत कोचिंग क्लास चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात: विसरलेल्या छत्र्या आणि किस्से. छत्र्या पोरं कधीतरी घेऊन जातात. किस्से मात्र माझ्याच गळ्यात!

मी भूगोल शिकवतो. स्पर्धा परीक्षांचा लाडका प्रश्न म्हणजे उपाध्या. अरबी समुद्राची राणी? कोची. ॲड्रिॲटिकची राणी? व्हेनिस. जहाजंसुद्धा बहुतेक राण्या नाहीतर सम्राज्ञी. आणि हे सगळं पाठ कोण करतंय, तर ज्यांनी समुद्र फक्त नकाशात पाहिलाय ती पोरं!

*

एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, समुद्राले इतक्या राण्या हायेत, तर राजा कुठी हाय?"

मी काही बोलणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "राजा लेट हाय, तिवशाच्या बसनं येऊन राह्यला!"

नेमकं त्याच क्षणी दार उघडलं. रोज तिवशाहून येणारा आणि रोज उशीर करणारा आमचा गजानन घामाघूम उभा. "मे आय कम इन, सर?"

त्या दिवसाचा तास तिथेच संपला.

*

दुसऱ्या बॅचमध्ये एकानं थेट माझ्यावरच नेम धरला. "सर, तुमी तरी समुद्र पाह्यला का?"

खरं सांगायचं तर तोवर मीही पाहिला नव्हता. मी नकाशाकडे तोंड करून उभा राहिलो. गणिताचे काळे सर दारातून जात होते, ते थांबले. "काहून छळता रे त्यायले? सूर्यमालाबी तेच शिकवते. वर जाऊन आले का ते?"

ही मदत होती की टोमणा, ते मी अजून विचारलेलं नाही.

*

पोरांना ने-आण करणारे रमेशभाऊ ऑटो दारात लावून माझा तास ऐकत बसत. एक दिवस ऑटोच्या मागे रंगवून आणलं, 'राजापेठची महाराणी'! पोरं जाम खूश.

आठवड्याच्या आत महाराणी चौकात बंद पडली. पोरं उतरून धक्का मारायला लागली आणि कुरकुरलीही. रमेशभाऊ हँडल धरून ओरडले, "अरे, महाराणीले लोकं खांद्यावर घेत होते! तुमाले तर नुस्तं ढकलायचं हाय!"

*

रविवारी मी अकोल्याला शिकवायला जातो. तिथे सांगून बसलो की अमरावती ही इंद्राची राजधानी. झालं! अकोल्याची बॅच चिडली.

एक पोरगी उठली. "सर, इंद्र पहिले अकोल्यालेच आला होता. मे महिना होता. इथलं ऊन पाहून म्हने, दुसरं काही दाखवा!"

*

आता आमच्या क्लासच्या सुषमाचं सांगतो. शेंदूरजनाघाटची, घरची संत्र्याची बाग. तिनं एका बंदराच्या नोकरीसाठी अर्ज केला. कंट्रोल रूममध्ये बसून वायरलेसवर जहाजांशी बोलायचं काम.

मुलाखतीत साहेबांनी गाव विचारलं. ती म्हणाली, "संत्र्यांमुळे आमच्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात."

"कोणी ठेवलं हे नाव?"

"ज्यानं कॅलिफोर्निया पाहिला नाही, त्यानंच ठेवलं असेल, सर."

साहेब खो खो हसले. निवड झाली! मला पोरीचा इतका अभिमान वाटला की मी सगळ्या बॅचना पेढे वाटले.

*

पण तिचे वडील, नामदेवराव, अडून बसले. "पोरगी एकटी तेवढ्या दूर? नाही म्हंजे नाही!" ती रडली, मी दोनदा शेंदूरजन्याला जाऊन आलो. शेवटी ते एवढ्यावर आले की ट्रेनिंग कर, मग मी येऊन पाहतो. पटलं नाही तर संगच घेऊन येतो.

ट्रेनिंग संपलं आणि नामदेवराव निघाले. ते तिला आणायलाच चाललेत असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"सर, सकाळपासून इथंच उभा हाय. साहेबानं कंट्रोल रूमच्या दारापाशी उभं राहू देल्लं."

"मग? काय पाहिलंत?"

"एक जहाज आलं न बाप्पा, आपल्या कलेक्टर ऑफिसच्या दुप्पट! नावबी राणीचंच. पन आत नाही आलं."

"का?"

"काहून म्हंजे? आपल्या सुषमीनं थांब म्हनलं ना! पाऊन घंटा राणी बाहेर उभी होती, सर. हिनं 'ये' म्हनलं, तवा आली!"

मी विचारलं, "बरं, मग काय ठरवलंत?"



"सर, परतीचे दोन तिकिटं काढले होते. त्यातलं एक क्यान्सल कसं करते, सांगजा बरं."