पंचविसावी रेकॉर्ड

रसिकाच्या घरी जॅझच्या कोणत्या पंचवीस रेकॉर्डी असायलाच हव्यात, याची यादी करायचं आम्ही चौघांनी ठरवलं, तेव्हा माझ्याकडे तीनशे बारा होत्या. अकोल्याच्या चाचांकडे याच्या निम्म्याही नव्हत्या, पण शेवटचा शब्द त्यांचा. कुवेतमध्ये एसी दुरुस्तीची नोकरी करून ते पेटीभर रेकॉर्डी घेऊन जठारपेठेत परतले होते. ऐकायचं कसं, हे आम्हा तिघांना त्यांनीच शिकवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सकाळच्या एसटीने राजापेठेत माझ्या घरी येत. एक बाजू पूर्ण ऐकायची, मध्ये बोलायचं नाही, मग चहा आणि निकाल.

कोणाचा सोलो किती मिनिटांचा, हे मी वहीत लिहीत असे. चाचा म्हणायचे, "भाऊ, तू ऐकून राहिला का मोजून राहिला?" बाकीचे दोघे, एक औषध दुकानदार आणि एक निवृत्त प्राध्यापक, पोट धरून हसायचे.

सात महिन्यांत चोवीस ठरल्या. पंचविसाव्या जागेसाठी मी माझी सगळ्यात आवडती रेकॉर्ड लावली. पियानो, बास आणि ड्रम, तीनच माणसं. ड्रमवाला बाजूभर झांजेवर हलकी काडी फिरवत राहतो, आणि सगळं संगीत त्या बारीक आवाजावर उभं आहे. बाजू संपल्यावर चाचा म्हणाले, "ड्रमवाला झोपला होता का बे? कायी कामच नाही केलं त्यानं. दे रद्दीत." दोघांनी लगेच माना डोलावल्या.

हीच रेकॉर्ड पूर्वी चाचांनीच मला ऐकवली होती, आणि ऐकवली होती ती झांजेसाठी. म्हणजे आता त्यांना झांज ऐकू येत नव्हती. हे मी त्यांना एकट्याला गाठून सांगू शकलो असतो. मी पुढच्या महिन्याच्या रविवारची तयारी केली.

बारा तुकडे निवडले, सहा झांजेचे, सहा बिनझांजेचे. "चाचा, एक गंमत करू," म्हणत त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. प्रत्येक तुकड्यानंतर त्यांनी "आहे" किंवा "नाही" सांगायचं. मुलीच्या जुन्या फळ्यावर मी बरोबर-चूक मांडत गेलो. चौथ्या तुकड्याला दुकानदार जमिनीकडे पाहू लागला. सातव्याला प्राध्यापक म्हणाले, "पुरे करा हो आता." मी बाराही वाजवले.

चाचा वळले. फळ्यावर पाच बरोबर, सात चूक.

"नुसत्या अंदाजानेसुद्धा सहा यायला हवेत," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. चाचांनी चपला घातल्या आणि चहा न घेता निघून गेले.

पुढचे दोन महिने ते आले नाहीत. मग त्यांच्या सुनेचा फोन आला. "काका, अब्बांनी रेकॉर्डची मशीन झाकून ठेवली. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर तेही आयकत नाहीत. तुमी येऊन एवढंच सांगा ना, का तुमच्या मशीनची सुई खराब होती. कोनालेच आयकू आलं नसतं. मंग येतील ते."

मी अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरपर्यंत ते वाक्य मनात बोलून पाहिलं. मी खोटं बोलत नाही, आणि याचा मला अभिमान आहे. पण वाक्य तसं लहान होतं.

चाचा बैठकीत बसले होते, सून दारात उभी. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनीच विचारलं, "भाऊ, त्या दिवशी तुह्या मशीनची सुई ठीक होती का बे?" आवाज थट्टेचा होता, पण नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

"नवीन होती. त्याच आठवड्यात बदलली होती."

"काय म्हन्तं?" त्यांनी कानामागे हात धरला.

त्यांना ऐकू आलं नव्हतं. सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली. मला आणखी एक संधी मिळाली होती.

मी खुर्ची पुढे ओढली, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणालो, "सुई, नवीन, होती."

या वेळी ऐकू आलं.