कठड्याचा रकाना

मी लहान असताना आमच्या घरात वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त असायची. गुलाबी, पिवळी, हाताला शाई लागणारी. बाबा ती वाटायचे, आई त्यांच्या घड्या घालायची आणि उरलेल्या पाठकोऱ्या कागदांवर मी गणितं सोडवायचे. माहिती लोकांची असते, ती कपाटातून बाहेर आलीच पाहिजे, हे मला पाढ्यांबरोबरच पाठ झालं. पुढे दिल्लीत हेच वाक्य इंग्रजीत म्हणणाऱ्या एका सरकारी प्रकल्पात कंत्राटी नोकरी लागली. मला वाटलं, क्रांती झालेली दिसते, फक्त कळवायचं राहून गेलं.

प्रकल्प कागदावर फार सुंदर होता. आपल्याकडे विहिरीतलं पाणी बरीच खाती मोजतात. भूजलवाले मोजतात, शेतीवाले मोजतात, पाणीपुरवठावाले मोजतात, आणि कुठल्यातरी विद्यापीठाचे विद्यार्थीही सहलीला गेल्यासारखे मोजून येतात. विहीर एकच, पण प्रत्येकाने तिला आपला वेगळा नंबर दिलेला. कुणी मीटरमध्ये लिहितं, कुणी फुटात, आणि एका कार्यालयाच्या वहीत तर खोलीच्या रकान्यात वर्षभर नुसतं ‘ठीक’ लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका खात्याच्या संगणकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नाही. आम्ही या सगळ्या नोंदी एका साच्यात बसवायच्या, म्हणजे कुणीही कुणाचीही माहिती वाचू शकेल. आधी विहिरी, मग पाऊस, मग माती, मग बहुधा मोक्ष.

आमचं कार्यालय कस्तुरबा गांधी मार्गावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. साचा ठरवायला समिती बसायची. पहिल्या तीन बैठका विहिरीला कुणाचा नंबर द्यायचा यावर गेल्या. शेवटी कुणाचाच पडू नये म्हणून पाचवा नवा नंबर काढण्यात आला आणि जुने चारही ठेवण्यात आले. त्याचं नाव एकसूत्रीकरण.

चौथ्या बैठकीत निवृत्तीला आलेले एक भूवैज्ञानिक बोलले. ते एरवी समोसा खाऊन गप्प बसायचे. म्हणाले, “एक कॉलम चाहिए. नापा कहाँ से?”

त्यांचं म्हणणं साधं होतं. विहिरीला कठडा असतो. मोजणारा माणूस कठड्यावरच्या लाल खुणेवरून टेप आत सोडतो. म्हणजे टेपवर जो आकडा येतो त्यात कठड्याची उंचीही आली. काही खाती ती वजा करून जमिनीपासूनची खोली लिहितात. काही खाती आकडा तसाच लिहितात. कठड्याची उंची मात्र शेजारी सगळेच वेगळी देतात. तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे एवढंच लिहा, कठड्यावरून की जमिनीवरून.

यावर जे भांडण झालं, तसं मी पत्रकवाल्यांच्या दोन गटांतही पाहिलं नव्हतं. प्रत्येक खातं म्हणालं, आमचीच पद्धत शास्त्रीय, बाकीच्यांनी बदलावं. आमचे संचालक हात उंचावून म्हणाले, “अरे यार, जिस पर झगड़ा है वो कॉलम ही हटा दो. स्टँडर्ड वही, जिस पर सब राज़ी.”

म्हणजे मानक म्हणजे काय, तर सगळ्यांचे राग काढून टाकल्यावर जे उरतं ते.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही तोंड उघडलं. लाँच जवळ आलं होतं, माहिती लोकांपर्यंत जायला उशीर होत होता, आणि एका रकान्यासाठी हे म्हातारे भांडताहेत म्हणून मला संताप आला होता. मी म्हणाले, “सर, बाद में जोड़ सकते हैं.”

भूवैज्ञानिकांनी माझ्याकडे पाहिलं. “बेटा, कुआँ बाद का इंतज़ार नहीं करता.” आणि उरलेला समोसा संपवला.

मग माझं काम सुरू झालं. प्रत्येक खात्याचा कुठला रकाना आमच्या कुठल्या रकान्यात ओतायचा, याचा तक्ता मी बनवला. कठड्याचा रकाना नसल्यामुळे मी एक सोपा नियम लावला. सगळ्यांच्या आकड्यातून कठड्याची उंची वजा. समता म्हणजे समता.

या नोंदींचा नकाशा तयार झाला, पाणी वर तिथे निळा, खोल तिथे तपकिरी, तेव्हा महाराष्ट्रातला एक कोरडा जिल्हा त्यात छान निळा दिसू लागला. संचालक सर त्यांच्या खोलीतून धावत आले. “देखो, पानी चढ़ गया!” त्यांनी लगेच एका योजनेला श्रेय दिलं. मिठाई आली. मी काजूकतलीचे दोन तुकडे खाल्ले, त्यातला दुसरा जरा अभिमानाने.

नकाशा लाँचच्या आधीच जिल्ह्यांना गेला होता, वापरून पाहा म्हणून. एका तालुक्याने तो खरंच वापरला. सरकारी नकाशा कुणी वापरेल, अशी शंका आमच्यापैकी कुणालाच आली नव्हती.

आमच्या कार्यालयात मराठी बोलणारी मी एकटी. त्यामुळे महाराष्ट्रातून आलेला कुठलाही फोन माझ्याकडे यायचा. अतिथिगृहात खोली मिळेल का, असं विचारणारेसुद्धा. लाँचच्या आधीच्या गुरुवारी शेजारच्या टेबलावरून हाक आली, “मॅडम, आपके यहाँ से कोई अंकल हैं.”

अंकल म्हणजे त्याच निळ्या जिल्ह्यातल्या एका गावचे काका. शाळेत शिपाई होते. निवृत्तीनंतर महिन्याला एकदा गावची विहीर मोजायचं काम करतात.

“ताई, दिल्लीत आमच्या विहिरीला पाणी आलंय म्हणे.”

“हो काका, चढलंय. नकाशात निळं दिसतंय.”

“बरं झालं. मग तिथूनच दोन बादल्या शेंदून पाठवता का? इथं दोर पुरंना.”

मी हसले. ते हसले नाहीत.

“ताई, सकाळीच टेप सोडली मी. तळाला डबकं आहे. त्यात एक बेडूक आहे, तोही माहेरी जायच्या तयारीत दिसतो. पाणी ठरल्या खोलीच्या खाली असलं तरच टँकर देतात. आम्ही खालीच होतो, टँकर चालू होता. आता तालुक्याला म्हणतात, दिल्लीच्या नकाशात तुम्ही वर आलात, तुमचं गाव यादीतून कमी. उद्यापासून टँकर बंद. मी म्हटलं, साहेब, मी मोजतो की दिल्ली मोजते? तर त्यांनी तुमचा नंबर दिला.”

“काका, टेप कुठून सोडता?”

“कुठून म्हणजे? कठड्यावरच्या लाल खुणेवरून. मग कठडा वजा करून लिहितो. शिकवलंय तसं. तीस वर्षं शाळेत होतो, मला काय वजाबाकी येत नाय का?”

त्यांना वजाबाकी येत होती. ती मलाही येत होती, हाच घोटाळा. मी फाइल उघडली. त्या जिल्ह्याने कठडा आधीच वजा केलेला, आणि माझ्या नियमाने तो पुन्हा वजा केलेला. प्रत्येक विहिरीचं पाणी एकेका कठड्याने, म्हणजे माणसाच्या कमरेएवढं वर आलं होतं. आणि गंमत बघा, ज्यांनी आपलं काम नीट करून पाठवलं, त्यांचंच पाणी चढलं. ज्यांनी आकडे तसेच ढकलून दिले, त्यांचे बरोबर आले.

मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, हे सांगितलं पाहिजे.

“चूक निकाल ली, बहुत अच्छा. लाँच के बाद ठीक करेंगे.”

“सर, वहाँ कल से टँकर बंद है.”

“तो उनको बोलिए, पोर्टल पर फीडबैक फॉर्म भर दें.”

“फॉर्म में कुएँ का नंबर माँगते हैं. उसके पाँच नंबर हैं.”

“देखिए, डेटा फ्रीज़ हो चुका है. ऊपर सबने नक्शा देख लिया है. नीला देखा है. अब सोमवार को भूरा दिखाऊँ? सुधार समिति करेगी, समिति लाँच के बाद बैठेगी.” मग खुर्चीत मागे रेलून, “और यार, मैपिंग किसकी थी?”

“मेरी.”

“बिल्कुल. तो सोच लीजिए, नाम किसका आएगा.”

मी तालुक्याला फोन केला. तिथले बाबू म्हणाले, मॅडम, वरून लेखी आल्याशिवाय आम्ही नकाशाच्या बाहेर जाऊ शकत नाही. वर म्हणजे मीच होते, पण लेखी द्यायचा अधिकार मला नव्हता.

मी गाझियाबादला एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहायचे. ती लातूरकडची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीत नेहमीप्रमाणे टँकर आला. आम्हाला तो मिळायला कुठल्या नकाशाची गरज नव्हती, व्हॉट्सअॅपवर आरडाओरडा पुरत असे. बादल्या भरता भरता मी तिला सगळं सांगितलं.

“एक देश, एक विहीर,” ती म्हणाली. “निबंधात लिहिते हे. मग आता करणार काय?”

“दोन ईमेल केले आहेत. भूवैज्ञानिकांनाही केला, पण ते ईमेल उघडत नाहीत.”

“पत्रकवाल्याची पोरगी आणि ईमेल करते! अगं, लाज वाटू दे जरा.”

रविवारी मी एक पान लिहिलं. एका बाजूला, हिंदीत आणि मराठीत. मधोमध विहिरीचं चित्र काढलं, कठडा, लाल खूण, टेप. कठड्याला दोनदा फुली मारली. खाली लिहिलं की या जिल्ह्याचा निळा रंग पाण्याचा नाही, माझ्या चुकीचा आहे. रकाना काढायला मीही हो म्हटलं होतं. या नकाशावरून कुणाचा टँकर बंद करू नका, झाला असेल तर आज सुरू करा. खाली माझं नाव आणि सही.

मजकूर फोनवर बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “पत्रकात आपली चूक लिहीत नाहीत गं. समोरच्याची लिहितात.”

“समोरच्यांचीही आहे की. पण सही मिळाली ती माझीच.”

सरोजिनी नगरच्या मार्केटमागे एक झेरॉक्सवाला आहे. त्याच्याकडचा पांढरा कागद संपला होता. “मैडम, पिंक चलेगा?” मी म्हणाले, पळेल.

सोमवारी सकाळी लाँचला येणाऱ्या पाहुण्यांच्या फोल्डरमध्ये सामान भरायचं काम माझ्याकडेच होतं. इतक्या मोठ्या तांत्रिक प्रकल्पात मला शेवटपर्यंत विश्वासाने दिलेलं एकमेव काम. पेन, माहितीपुस्तिका, कापडी पिशवीचं कूपन, आणि मध्ये एक गुलाबी कागद.

सभागृहात भाषण सुरू झालं की सगळे फोल्डर उघडतात, कारण ऐकायचं कुणालाच नसतं. पडद्यावर तो जिल्हा समुद्रासारखा निळा उजळला, आणि त्याच वेळी रांगांमधून गुलाबी कागदांची सळसळ झाली. पहिल्या रांगेत सरांनी आपला फोल्डर उघडला. वाचलं. आणि टाळ्या वाजत होत्या म्हणून त्यांनीही वाजवल्या. दुसऱ्या रांगेत भूवैज्ञानिकांनी कागदाची चौघडी करून खिशात ठेवली, आणि मागे वळून मला शोधून मान हलवली.

चहाच्या वेळी महाराष्ट्रातून आलेले एक अधिकारी माझ्यापुढे उभे राहिले. जिल्हा तोच. हातात कागद.

“ही सही तुमची?”

“माझीच.”

“हे लेखी म्हणून धरू मी?”

“धरा की. तुम्हाला तेच हवं असतं ना.”

ते रागावतील असं वाटलं. पण त्यांनी व्हरांड्यात जाऊन तालुक्याला फोन लावला. “नकाशा बाजूला ठेवा. जुन्या वहीवरून यादी करा. हो, आजच. लेखी आहे माझ्याकडे. रंग? गुलाबी आहे, तुम्हाला काय करायचंय!”

मंगळवारी गावात टँकर आला. मधले चार दिवस गावाने काय केलं, ते मी काकांना विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

माझं कंत्राट पुढे वाढलं नाही. सर म्हणाले, “आप जैसे लोगों के लिए बाहर बहुत स्कोप है.” समितीनं रकाना परत घातला, ऐच्छिक म्हणून. आता तो बहुतेक खात्यांकडून रिकामा येतो.

पुढच्या महिन्यात काकांचा फोन आला, या वेळी माझ्या मोबाइलवर. मी सांगितलं की मी तिथे नाही आता.

“ते कळलं. तालुक्याला माप दिलंच आहे मी. पण तुमच्याकडंही असू द्या. घ्या लिहून.”

मी कागद शोधला. टेबलावर उरलेल्या गुलाबी पत्रकांचा गठ्ठा होता. वरचं एक उलटं केलं, मागची बाजू कोरी.

“आधी लिहा, लाल खुणेवरून. लिहिलं? मग कठड्याची उंची. मग माप. मी वजा केलेलं नाही बरं का ताई. तुम्ही करा. एकदाच.”