मोटारीच्या चाकांना करडईचं तेल

आश्विन शुद्ध अष्टमी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून घरातली सगळी अवजारं धुऊन-पुसून ठेवायची होती. विळी, अडकित्ता, शिवणाचं यंत्र आणि यजमानांची डॉक्टरी हत्यारं सकाळी दहापर्यंत आटोपली. उरली मोटार.

मोटार जुनीच घेतलेली. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. सोलापूरच्या आसपासच्या खेड्यांतून बाळंतपणाचं बोलावणं आलं की यजमान ती घेऊन जात, आणि बरोबर मीही जाई. पुरुष डॉक्टरला बायका हात लावू देत नसत. मी उशाशी बसले तर देत. त्यामुळे मोटारीची देखभाल मी माझ्याकडेच घेतली होती.

धुतल्यावर पत्रा लखलखला आणि टायर मात्र राखेत लोळल्यासारखे दिसू लागले. त्यांना काय लावावं? रॉकेल मागे एकदा लावलं होतं. तासाभरात ते उडून गेलं आणि रबर जास्तच पांढरं पडलं. बुटाच्या पॉलिशच्या डब्या किती लागल्या असत्या कोण जाणे. दवाखान्यात ग्लिसरीन होतं, पण ते रोग्यांचं. माझ्या माहेरी मोटेच्या चामड्याला दसऱ्याच्या आधी करडईचं तेल पाजत. चामडं वर्षभर मऊ आणि काळंभोर राही. रबरही तसंच तेल पिईल असं मी धरून चालले.

शेजारच्या आक्कांच्या घरी तेलाचा घाणा होता. त्या स्वतः तांब्याभर ताजं तेल घेऊन आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. मी कंदिलाच्या काचेची काजळी तेलात खलली आणि चिंधीनं टायर चोळायला घेतले.

"डाक्टरांच्या डोस्क्याला कदी एवढं तेल चोळलंय का, वैनी?"

"त्यांच्या डोक्यावर चोळायला उरलंय काय?"

"त्ये बी खरं की. पर आतल्या अंगाला कशाला वतताय? तितं कोण बगणार हाय?"

"मी बघेन."

आतल्या बाजूला हात पोचत नव्हता. म्हणून चोचीच्या बुधलीनं वरून धार सोडली, ओघळत खालपर्यंत जाईल अशी. ती गेली. कुठवर गेली ते मी पाहिलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका खेड्यातून उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं एक माणूस आला. त्याची भावजय दोन दिवस अडली होती. पहिलंच बाळंतपण. आम्ही पाच मिनिटांत निघालो. तो मागे बसला.

"टायर बरे दिसताहेत आज," यजमान म्हणाले. "पॉलिश लावलंस वाटतं."

"हो," मी म्हटलं.

गावाबाहेर मेंढरांचा कळप आडवा आला. यजमानांनी ब्रेक दाबला. मोटार थांबली नाही. धनगरानं काठीनं शेवटची दोन मेंढरं बाजूला ढकलली म्हणून ती वाचली. पुढे वीसेक पावलांवर मोटार आपोआप मंदावून उभी राहिली.

"धुताना पाणी गेलं असणार ब्रेकमध्ये," ते म्हणाले. "चालता चालता वाळेल."

"असेल," मी म्हटलं.

चैत्रात मिस्त्रीनं ब्रेकचे पट्टे बदलले होते. तेव्हा मी एक पट्टा उचलायला गेले, तर तो ओरडला होता, "तेल का हात इसकू लगाना नक्को बाई, पकडता नै." ते मला तिथे, त्या मेंढरांच्या धुळीत, शब्दान् शब्द आठवलं. पाणी वाळतं. तेल कसलं वाळतंय?

तरी मी बोलले नाही. वीस वर्षांच्या संसारात चुका काढण्याचं काम माझं होतं. आपली चूक सांगायची सवयच नव्हती. नऊ मैल मी पुढे रस्त्याकडे बघत बसले आणि कुठे उतार दिसला की पाय फळीवर दाबत राहिले, जसं काही माझ्या पायानं मोटार थांबणार होती.

त्या माणसाच्या घरात बाई निपचित पडली होती. सासू तिच्याशी कानडीत बोलत होती, ती उत्तर देत नव्हती. यजमानांनी तपासलं. मूल आडवं होतं. सोलापूरच्या इस्पितळात नेल्याशिवाय इलाज नव्हता, आणि तेही लवकर.

मागच्या बाकावर गोधड्या घालून तिला निजवलं. तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. तिचा दीर मोटारीच्या बाहेरच्या पायरीवर उभा राहिला. वेशीपाशी वाट फुटत होती. आम्ही आलो ती सडक सपाट, पण वळशाची. दुसरी वाट ओढ्यात थेट खाली उतरणारी, तीन मैल वाचवणारी. यजमानांनी मोटार उताराकडे वळवली.

"एव्हाना वाळले असतील ब्रेक," ते म्हणाले.

"थांबवा. अहो, आत्ता थांबवा."

मोटार अजून सपाटीवर होती, थांबली.

"ब्रेकमध्ये पाणी नाही. तेल आहे. मी ओतलंय."

ते मागे वळले. "किती?"

"तांब्याभर. चारी चाकांना मिळून."

"हे सोलापुरातच का नाही सांगितलंस?"

"आता सांगतेय."

मांडीवरच्या बाईनं डोळे उघडले होते, तिच्याकडे पाहून ते पुन्हा पुढे वळले. दिरानं आत डोकं घातलं. "काय झालं, डाक्टरसाब?"

"गाडी थांबत नाही."

"थांबवायची कशाला? आपल्याला जायाचंच हाय की."

मग त्याला समजलं. तो खाली उतरला, वेशीजवळचे दोन मोठे धोंडे उचलून पायरीवर ठेवले आणि पुन्हा चढून उभा राहिला. मोटार सडकेला लागली ती सगळ्यांत खालच्या गिअरमध्ये. एक रिकामी बैलगाडी आम्हाला मागे टाकून पुढे गेली. गाडीवान मागे वळून हसला.

पुलाच्या अलीकडे लहानसा उतार होता. येताना तो माझ्या लक्षातही आला नव्हता. तिथे मोटार इंजिनला जुमानेना. दीर उडी मारून पुढे धावला आणि चाकापुढे धोंडा टाकला. तेलकट चाक त्यावरून घसरून पलीकडे गेलं. बाई बाकावरून सरकली. मी एक पाय पुढच्या बाकाला रोवला आणि दोन्ही हातांनी तिला धरलं. दुसरा धोंडा लागला. मोटार तिरकी होऊन कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"पोचू का, बाई?" तिनं विचारलं.

"पोचू. कळ आली की माझं मनगट दाब."

तिनं ते इतकं दाबलं की पुढे आठवडाभर मला बांगड्या चढवता आल्या नाहीत.

इस्पितळात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. तासाभरानं तिथले डॉक्टर बाहेर आले. बाई वाचली होती. मूल गेलं होतं. आज सकाळीच गेलं असावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी त्यांना पुन्हा विचारलं, सकाळीच का? ते हो म्हणाले. मी आणखी काही विचारणार तोच यजमानांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला नेलं.

"तिसऱ्यांदा विचारू नकोस. उत्तर तेच येईल."

मोटार रात्रभर इस्पितळाच्या आवारातच ठेवली. आम्ही टांग्यानं घरी आलो.

सकाळी उठून मी आधी मिस्त्रीला निरोप पाठवला आणि इस्पितळात गेले. मागची चाकं काढवली. पट्टे तेलानं ओथंबले होते. ते त्याला फेकून द्यायला लावले आणि आतलं लोखंड पेट्रोलनं पुसून काढलं. तो नवे पट्टे बसवीत होता तोवर मी चारी टायर गरम पाणी आणि सोड्यानं घासले. काळं पाणी जायचं थांबेना. ते पार करडे पडले तेव्हा घासणं सोडलं. मग यजमानांना बोलावलं, शेजारी बसले, आणि आवारातल्या चढ-उतारावर त्यांना मोटार पुन्हा पुन्हा थांबवायला लावली. पहिल्या खेपेला ती जागच्या जागी थांबली. तरी मी त्यांना आणखी सात वेळा ब्रेक दाबायला लावला. मग उतरले आणि त्या बाईला भेटायला आत गेले.