आईनं धुतलेला आरसा

कोल्हापुरात फौंड्रीतून निवृत्त झालेला माणूस एकतर तालमीच्या कट्ट्यावर बसतो, नाहीतर घरात बसून बायकोचं डोकं खातो. आमच्या आप्पांनी दुर्बीण करायला घेतली. शिरोलीत उभी हयात ओतकाम केलेला गडी. "तयार आणा की एखादी" असं मी एकदा म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

परसात त्यांनी तेलाचं रिकामं पिंप वाळू भरून उभं केलं. त्यावर एक जाड काच, तिच्यावर दुसरी, मधे पाणी आणि काच झिजवणारी एमरी पावडर. वरची काच पुढंमागं घासायची, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायची. असं महिनोन्‌महिने केलं की वरच्या काचेला खोलगटपणा येतो, आणि तोच दुर्बिणीचा आरसा. "देवळाला एवढ्या फेऱ्या घातल्या असत्या तर पुण्य तरी लागलं असतं," आई म्हणायची. आता आप्पा नाहीत, परसात फरशी घालून मोटारसायकली लागतात. पण संध्याकाळी कुठं काही घासल्याचा आवाज आला की मी अजून मागं वळून बघते.

खरं सांगायचं तर आरसा झाला तो आईमुळं. जाड पावडर संपवून बारीक घ्यायची वेळ आली की सगळं लख्ख धुवावं लागतं. जाड पावडरीचा एक कण मागं राहिला तरी काचेवर चरा पडतो आणि सगळं काम पाण्यात. आप्पांच्या हातून दोनदा तसं झालं. आणि आमची आई म्हणजे आम्ही घासलेलं भांडं पुन्हा घासणारी बाई. तिसऱ्यांदा आप्पा मुकाट्यानं काचा घेऊन तिच्यापुढं मोरीपाशी उभे राहिले. त्यानंतर एकही चरा पडला नाही.

त्या आरशातून आईला शनीचं कडं दाखवायचं, एवढी एकच हौस आप्पांना होती. आणि आई तर घरात शनीचं नाव काढू देत नव्हती. त्याला कारण मी.

माझं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. स्थळ नेसरीकडचं, नकार त्यांच्याकडनं आला. आईनं पत्रिका दाखवून आणली तर साडेसाती निघाली. तेव्हापासून दर शनिवारी तिचा कडक उपास आणि देवळात तेल. खरी गोष्ट मला एकटीलाच ठाऊक होती. मला ते लग्न नको होतं, आणि आईला तसं तोंडावर सांगायची छाती नव्हती. म्हणून मीच त्या मुलाला फोन करून, "नकार तुमच्याकडनं येऊ द्या," अशी गळ घातली होती. भला माणूस, त्यानं शब्द पाळला. शनिवारी आई उपाशीपोटी आमच्यासाठी भाकरी थापत बसायची, तेव्हा मी खाली मान घालून जेवायची. तरी तीन वर्षं मी गप्प राहिले, याची मला आजही लाज वाटते.

दिवाळी नुकतीच झाली होती. दिवेलागणीला आप्पांनी तो आरसा बसवलेली दुर्बिणीची नळी शनीवर लावली आणि निम्मी गल्ली परसात जमली. एकेक जण बघून "आयला, खरंच कडं हाय की" म्हणत बाजूला होत होता. आई दारातून हलेना.

"अगं, आरसा तू धुतलायस. तू न बघून कसं चालंल?" आप्पा म्हणाले.

"ज्याची नजर पडू नये म्हणून तेल घालते, त्याला आपणहून डोळा लावू व्हय?"

माणसं पांगल्यावर आप्पा नळीवर फडकं घालायला लागले. त्यांचं उतरलेलं तोंड आईला बघवलं नाही. डोक्यावर पदर घेऊन ती स्टुलावर चढली, एक डोळा तळव्यानं झाकला आणि वाकली.

मग डोळा बदलून तिनं पुन्हा एकदा बघितलं.

"बारकाच हाय की," ती म्हणाली. "एवढ्या लांबनं ह्यानं माझ्या पोरीचं लग्न मोडलं?"

मला राहवलं नाही. "त्यानं नाही, आई. मी मोडलं." आणि फोनचं सगळं सांगून टाकलं.

आई स्टुलावरून उतरली आणि आत गेली. चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पाचव्या दिवशी मी शाळेत शिकवायला निघाले, तेव्हा तिनं डबा माझ्या हातात दिला, पण सोडला नाही.

"मी तीन वर्षं त्या शनीला भ्याले," ती म्हणाली. "आणि तू मला भीत हुतीस व्हय गं?"