मनगटावरची पावडर

“बोटावरची मशीन पंच्याण्णव दाखवते, पण रक्तात शहाऐंशीच आहे,” धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. “न्यूमोनिया आहे. ऑक्सिजन लावावा लागेल. तुमची त्वचा गडद आहे ना, त्यावर ही मशीन कधीकधी आकडा वाढवून दाखवते.”

दम लागला होता, तरी मला एकच शब्द ऐकू आला. गडद. शेजारी सासरे उभे होते.

मशीन म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. बोटातून दोन तऱ्हांचा प्रकाश सोडून ती रक्तातला ऑक्सिजन ओळखते. दुसरी तपासणी एबीजी. त्यात मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तोच ऑक्सिजन थेट मोजतात. सुई फार दुखते.

मी नंदनवन वस्तीतला, आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. मार्कांबद्दल, नोकरीबद्दल मान वर करून बोलतो. रंगाचा विषय निघाला की गप्प होतो.

दोन दिवसांनी एक इंजिनियर मॅडम आल्या. त्यांच्याजवळ टिकलीएवढा सेन्सर होता. तो दोनऐवजी अनेक रंगांचा प्रकाश वाचतो. त्वचा किती प्रकाश गिळते ते आधी पाहतो, मग रक्ताचा हिशेब करतो. अजून चाचणीतच आहे, उपचार यावर ठरणार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. गडद त्वचेचे लोक चाचणीला तयार होत नाहीत, म्हणून मी हवा होतो. पेंटच्या दुकानात असतं तसं रंगांचं कार्ड त्यांनी माझ्या त्वचेशी जुळवायला काढलं. मी हो म्हणालो, पण हात चादरीखाली गेला.

“उद्या एबीजी होणारच आहे, तेव्हा करू,” त्या म्हणाल्या. “मनगटाचा फोटोही लागेल.”

मी आईला फोन केला, डब्यासोबत पावडर आण.

“काहून रे? लगन तं झालं तुयं, आता कोणाले दाखवाचं हाय?”

पण सकाळी आणली. शाळेच्या फोटोआधी लावायची तशीच तिनं चोळली. चेहरा, मान, मग दोन्ही मनगटं.

एका हाताच्या धमनीतून रक्त निघालं, पण दुसऱ्या मनगटावरच्या सेन्सरचे आकडे उड्या मारत राहिले. मॅडमनी वायर बदलली, लॅपटॉप बंद करून परत चालू केला. शेवटी त्यांनी कुणाला तरी फोन लावला. “अहो, या रंगावर चालत नाही वाटतं आपलं.”

तेव्हा मला राहवलं नाही. “मॅडम, पावडर लावली आहे.”

वॉर्डातले सगळे वळून पाहू लागले. आई म्हणाली, “फोटोत बरा दिसला पाह्यजे, म्हून लावली मीनं.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ओल्या कापसानं सेन्सरखालचं मनगट पुसलं. पावडर निघून खालचा रंग दिसत गेला आणि मला वाटलं, खाट जमिनीत जावी. “दोन्ही आकडे एकाच वेळचे लागतात. सुई परत टोचावी लागेल. नाही म्हणालात तरी चालेल.”

“टोचा.”

या वेळी सेन्सरचा आकडा रक्ताच्या आकड्याजवळ आला. अगदी तोच नाही, पण जवळ. मॅडमनी कार्ड धरलं. मीच बोट ठेवलं, शेवटच्या, सगळ्यात गडद चौकोनावर.

“आपल्यासारख्या काळ्या लोकायले हे कामात येईन नं, बाई?” आईनं विचारलं. माझ्यासमोर हा शब्द ती पहिल्यांदाच बोलली होती.

“त्यांच्यासाठीच तर चाललंय, काकू.”

मी बरा होऊन घरी आलो. डॉक्टरांनी बोटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर आलो नसतो. माझी लाज गेली असं मात्र म्हणणार नाही. हे लिहितानाही वाटते आहे. तुमचा रंग माझ्यासारखा असेल, दम लागत असेल आणि मशीन सगळं ठीक म्हणत असेल, तर डॉक्टरांना रंगाचं नाव घेऊन विचारा, एबीजी करायची का. मान खाली जाईल. तसंच विचारा.